खांब उद्या

“चष्मा घरी राहिलाय, बुवा,” दस्तगीरचाचा म्हणाले. “पाटीवरचं दिसत नाय मला. तोंडानं सांगा की.”

अप्पांनी पाटी तशीच उचलून धरली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या आरशात बघत होते. खांद्यावर शेवाळी रंगाची, जाड कॅनव्हासची बॅग होती. चार बोटं रुंद पट्टा, पितळेचं बकल. बॅग फार खाली लोंबत होती, म्हणून मी पट्टा वर ओढून बकल तिसऱ्या भोकात अडकवलं आणि पुन्हा आरशात पाहिलं.

“पावसात आत पाणी जाईल का, असं विचारतोय,” अप्पा म्हणाले.

नऊ दिवसांनी मी अप्पांचा आवाज ऐकत होते. खालच्या पट्टीतला, कडेला खरखरीत झालेला, पण त्यांचाच.

“अप्पा,” मी म्हटलं.

त्यांनी हात वर केला. एकच वाक्य, झालं, असा त्याचा अर्थ.

अप्पा म्हणजे माझे वडील, नरहरबुवा आष्टेकर. आमचं गाव कृष्णेकाठी, मिरजेपासून एस.टी.नं पाऊण तासावर. गावात नृसिंहाचं देऊळ आहे, आणि नृसिंह जयंतीला तिथं प्रल्हादाचं आख्यान लावायचा मान अप्पांचा. एकतीस वर्षं त्यांनी एकदाही चुकवला नव्हता. देव संध्याकाळी प्रकटला, ना दिवसा ना रात्री, म्हणून आमच्याकडे कीर्तनही त्याच घटकेला पोचावं लागतं. पश्चिमेच्या दारातून ऊन आत येतं आणि सभामंडपाच्या उजव्या खांबावर हळूहळू वर चढतं. ते खांबाच्या माथ्यावरून निघून गेलं की त्याच क्षणी बुवांनी खांबावर थाप मारायची आणि देवाचं नाव घ्यायचं. मग गुलाल. अप्पांनी कधी घड्याळ पाहिलं नाही. पूर्वरंग लांबला, मध्ये कुणी हार घालायला वेळ लावला, तरी ऊन आणि आख्यान बरोबर एकाच वेळी माथ्यावर पोचायचं. लोक म्हणायचे, बुवा सूर्याला धरून ठेवतात.

त्या वर्षी माघात त्यांचा आवाज बसला तो उठेचना. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला, आणि चैत्रात सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज राहणार नाही.

अप्पांनी तारीख विचारली. मग पंचांग मागितलं.

“मला विचाराल तर नकोच,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण तुम्ही ऐकणार नाही, हे दिसतंय. ऑपरेशन जयंतीनंतर, सोमवारी. त्याआधीचे दहा दिवस एक शब्द नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं जास्त ताण पडतो. गळ्यात एका कीर्तनापुरतं शिल्लक आहे असं समजा, आणि ते मध्येच खर्चू नका.”

म्हणून पाटी. अप्पांनी माळ्यावरून माझी शाळेतली पाटी काढली, तिला दोरी बांधून गळ्यात अडकवली आणि गप्प झाले. पेन्सिल किरकिरली की मी जिथं असेन तिथून यायचं, पाटी बघायची आणि आईला किंवा आल्यागेल्याला मोठ्यानं वाचून दाखवायचं. आईला बारीक अक्षर लागत नसे. नऊ दिवस ते माझं काम होतं. “मिठाचा चमचा कमी.” “गाईला पाणी दाखवलं का?” “विठूतात्यांना सांगा, पुढं बसा.” अप्पांची वाक्यं माझ्या आवाजात घरभर फिरत होती आणि मला ती खोटी वाटत होती.

त्या शनिवारी सकाळी शेवटची तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून पाहिलं आणि पहिल्यांदाच हसल्या. “छान. सूज उतरलीय. आजचा दिवस असेच गप्प राहा, उद्याचं कीर्तन होईल.”

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर अप्पांनी पाटीवर लिहिलं, “आता तुझी बॅग.”

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. सांगलीत एका स्टुडिओत लग्नाचे फोटो काढायचं काम करत होते आणि नुकताच स्वतःचा कॅमेरा घेतला होता. दोन लेन्स होत्या. हा सगळा ऐवज मी अप्पांच्या जुन्या झोळीत, टॉवेलमध्ये गुंडाळून नेत असे. त्या झोळीत त्यांनी वीस वर्षं चिपळ्या आणि आख्यानांच्या वह्या वागवल्या होत्या. एकदा एस.टी.त ती झोळी दांड्यावर आपटली आणि लेन्सची कड चेपली. तेव्हापासून अप्पा मागं लागले होते. शिवाय उद्याच्या कीर्तनाचे फोटो मीच काढायचे होते. इतकी वर्षं त्यांनी ना फोटो काढू दिले, ना रेकॉर्डिंग करू दिलं. “गरम वाढलेलं खावं, डब्यात भरून नेऊ नये,” म्हणायचे. या वेळी आईनं हट्ट धरला. लाउडस्पीकरवाला रेकॉर्डिंग करणार होता, आणि मी फोटो.

दस्तगीरचाचांचं दुकान सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी. त्यांचा मूळ धंदा वाद्यांच्या गवसण्या शिवण्याचा. सतार, तंबोरा, तबला, ज्याला जसं अंग तशी गवसणी. पुढं गावातल्या फोटोग्राफर लोकांनी त्यांना कॅमेऱ्यासाठी गळ घातली आणि ते बॅगाही शिवू लागले. आमच्या पेटीची गवसणी त्यांचीच होती.

“पाणी?” अप्पांच्या प्रश्नाला ते म्हणाले. “बुवा, तंबोऱ्याच्या भोपळ्याला ओल लागली तर मिरजेत तोंड दाखवायला जागा राहत नाय आम्हाला. मेण पाजलंय कापडाला. बादलीत बुडवा पायजे तर.”

अप्पांनी समाधानानं मान हलवली आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. घ्यायची?

मी बॅग खांद्यावरून काढून गादीवर ठेवली. “रंग जरा म्हातारा वाटतो,” मी म्हटलं. “दुसरी दाखवा, चाचा.”

चाचांनी काळी, चकचकीत नायलॉनची काढली. तिला आठ खिसे, चार चेनी आणि पुढं पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीत कॅमेरा असं लिहिलेलं. अप्पांनी पाटी उचलली, पेन्सिल टेकवली, चाचांकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी चेनी उघडून बघण्यात गुंतले होते.

त्यांनी पाटी मांडीवर ठेवली. “ही नको,” ते म्हणाले. “ही ओरडून सांगते, माझ्यात काहीतरी आहे म्हणून. हिरण्यकश्यपूची बॅग आहे ही.”

चाचा खदखदून हसले. “मग प्रल्हादाची कुठली?”

“जी गप्प बसते आणि जिच्यात सगळं असतं, ती.”

“म्हंजे तुमच्यासारखी. नऊ दिवस गप्प बसलाय म्हणं.”

“आता कुठं बसलोय,” अप्पा म्हणाले, आणि ओठांवर बोट ठेवून स्वतःलाच दटावलं.

गल्लीत पलीकडे कुणीतरी तंबोरा लावत होतं. एकच तार, पुन्हा पुन्हा. मी पिशवीतून आईनं दिलेला थर्मास काढला. ज्येष्ठमधाचा काढा होता, प्रवासात अप्पांच्या घशाला कोरड पडू नये म्हणून. झाकणात ओतून त्यांना दिला.

“तिसरी बघू का?” मी विचारलं.

तिसरी चामड्याची होती. आजही आठवते. मधाच्या रंगाची, कडेला दुहेरी शिवण, इतकी देखणी की मला खरंच मोह झाला. मी ती खांद्याला लावून वळले.

“शोभते,” अप्पा म्हणाले. “पण उद्या देवळाच्या पायरीवर चपलांशेजारी ठेवावी लागेल. चामडं आत चालत नाही.”

“आणि तबल्याला काय रबर असतं?”

“तबल्याचं चामडं नाम घेतं. तुझी बॅग काय घेईल?”

“लेन्स घेईल.”

“वकीलच व्हायचीस तू,” ते म्हणाले. “दस्तगीर, हिला समजावा. माझा गळा दुखवते आहे.”

“पोरी, वडलांचं ऐक,” चाचा म्हणाले. “नायतर देवळाबाहेरून फोटो काढ. लांबची लेन्स हाय ना तुझ्याकडं?”

आम्ही तिघं हसलो. अप्पांचं हसणं शेवटी खोकल्यात गेलं. मी झाकण पुन्हा भरलं.

चौथी बॅग फार मोठी निघाली. तिच्यात मीच मावले असते, असं अप्पा म्हणाले. पाचवी बरी होती. करडी, आटोपशीर, आत स्पंजचे कप्पे. पण तिचं झाकण वेल्क्रोच्या चिकटपट्टीचं होतं. अप्पांनी ते ओढलं. चर्रर्र असा आवाज झाला आणि त्यांनी डोळे मिटले.

“कयाधू पोराला विषाचा प्याला देते आहे,” ते म्हणाले, “सभामंडपात टाचणी पडली तरी ऐकू येईल, आणि तू मागं हे फाडणार.”

“पण मला लेन्स तेव्हाच बदलायची का, ते तरी कळायला पाहिजे,” मी म्हटलं. “तुम्ही उद्या कुठं उभे राहणार, कधी पुढं येणार, मला काही माहीत नाही. बॅग कधी उघडायची ते कळल्याशिवाय बॅग कशी निवडू?”

हे मी बोलले. शब्द न् शब्द आठवतो.

अप्पांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग ते गादीवरून उठले, उपरणं सारखं केलं आणि दुकानाच्या मोकळ्या भागात, शिलाई मशीन आणि दरवाजा यांच्यामध्ये उभे राहिले. “हा खांब समज,” त्यांनी मशीनकडे हात केला. “ऊन इथून येणार. तू इथं, पेटीच्या मागं. सुरुवातीला मी मधोमध, तेव्हा मोठी सभा घे. मग राजसभा येते. हिरण्यकश्यपू असा पुढं येतो, तीन पावलं. इथं छोटी लेन्स ठेव. मग पोर येतं. पोर डावीकडून बोलतं, कारण बापाकडं मान वर करून बघायचं असतं.”

आणि ते बोलू लागले. आधी नुसतं सांगत होते. पण अप्पांना नुसतं सांगता कधी आलंच नाही. पलीकडचा तंबोरा लागला होता, त्याचा षड्ज त्यांनी धरला. राजाचा आवाज आला, छातीतून, मागं लटकवलेल्या बॅगांच्या कड्या वाजाव्यात असा. मग प्रल्हाद, सात वर्षांचा, न घाबरता साधं बोलणारा. चाचांनी सुईत ओवलेला दोरा तसाच सोडला. चहा आला आणि निवला. हत्तीच्या पायाशी पोराला टाकलं. कड्यावरून लोटलं. दर वेळी अप्पा मध्येच थांबायचे, “इथं लेन्स बदलू नको,” म्हणायचे, किंवा “आता उघड बॅग, गजर असतो, आवाज झाला तरी चालेल,” आणि लगेच पुन्हा आत शिरायचे. मीही एकेक बॅग खांद्याला लावून उघडून दाखवत होते. ही अडकते. हिचा कप्पा खोल आहे. हिची चेन उलटी आहे.

मग कयाधू आली. नवऱ्यानं सांगितलं म्हणून आईनं पोटच्या पोराला विष द्यायचं. हा भाग अप्पा गाऊन म्हणत, अगदी हळू, शेजारच्यानं तरी ऐकावं की नाही असं. पोर विचारतं, आई, तू का रडतेस, प्याला तर मी पिणार आहे. लहानपणापासून मी तो ऐकत आले होते, झांजा हातात धरून, अप्पांच्या मागं उभी राहून. त्या दिवशी पहिल्यांदाच समोरून ऐकला. त्यांचे डोळे माझ्यावर होते. हात रिकामा प्याला धरल्यासारखा माझ्यापुढं आला होता. दस्तगीरचाचांनी तोंड फिरवून बाह्यांनी डोळे पुसले.

प्रल्हादाला खांबाशी आणलं. राजानं विचारलं, कुठं आहे तुझा देव, या खांबात आहे? अप्पांचा हात शिलाई मशीनकडे उचलला गेला आणि तिथंच थांबला.

“खांब उद्या,” ते म्हणाले.

ते गादीवर येऊन बसले. कपाळाला घाम होता. दारातलं ऊन उंबऱ्याबाहेर गेलं होतं. मी थर्मास हलवून पाहिला, रिकामा होता.

“ती पहिलीच द्या, चाचा,” मी म्हटलं. “शेवाळी.”

“दोन तास दुकान पालथं घातलं, आन् पहिल्यावरच आलीस होय?”

“झाकणाला बकल आहे. आवाज होत नाही.”

चाचांनी गादीवरच्या ढिगातून ती बॅग ओढून काढली. पट्टा तिसऱ्या भोकातच होता. मी खांद्यावर टाकली, बरोबर बसली. अप्पा पट्ट्याकडे बघत होते. त्यांनी पाटी उचलली, काही लिहिलं नाही, पुन्हा गळ्यात सोडली.

एस.टी.त ते खिडकीशी बसले आणि गावापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. घरी आईनं विचारलं, “काय म्हणाल्या बाई?” मी पाटी वाचून दाखवली. “छान. उद्या होईल.”

रविवारी साडेचारला अप्पा उभे राहिले. अंगरखा, उपरणं, डोक्याला पगडी. कीर्तनाला उभ्या राहिलेल्याला सगळे वाकतात, वडीलधारेसुद्धा. मीही वाकले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात गरम होता. देऊळ भरून ओट्यापर्यंत माणसं होती. सांगलीहून, इचलकरंजीहून आलेली. हे शेवटचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या ओळीत विठूतात्या, दोन्ही डोळ्यांनी आंधळे, खांबाला पाठ लावून बसलेले. ते दर वर्षी तिथंच बसत. थाप त्यांना पाठीत जाणवायची.

नमन झालं. सूर लागला. पेटीवरचे सदानंदकाका माझ्याकडे बघून हसले. पूर्वरंगात आवाज जड होत गेला, पण लोकांना वाटलं बुवा जपून गाताहेत. मी पेटीच्या मागं होते. मध्यंतरात हार घातला, बुक्का लावला. अप्पांनी पाणी घेतलं. आख्यान लागलं. राजा पुढं आला, तीन पावलं. त्याचा आवाज मध्येच फाटला, कापड फाटावं तसा. अप्पा थांबले, घसा खाकरला, पुन्हा तीन पावलं मागं जाऊन आले. या वेळी शब्द आले, पण त्यांत राजा नव्हता. अप्पांनी सांगितल्याप्रमाणे मी गजरात लेन्स बदलली. बॅगेनं आवाज केला नाही.

हत्ती झाला. कडा झाला. सदानंदकाकांनी पट्टी दोन सुरांनी खाली आणली. ऊन खांबाच्या मध्यावर आलं.

मग कयाधू. अप्पांनी प्याला धरल्यासारखा हात पुढं केला आणि तोंड उघडलं. पेटीचा सूर होता, तबला थांबलेला, आणि अप्पांच्या गळ्यातून नुसता वारा आला. त्यांनी ओठ मिटून पुन्हा उघडले. वारा. सभामंडपात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. कुणी तरी कुजबुजलं, “थांबा, पाणी द्या.” पाणी दिलं. ते प्यायले. हात पुन्हा पुढं केला. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला तेव्हा त्यांच्या मानेच्या शिरा दिसत होत्या आणि आवाज अजिबात नव्हता. वारासुद्धा नव्हता.

आई बायकांच्यात बसली होती. तिनं पदर तोंडात धरला.

ऊन चढत होतं. अप्पा तसेच उभे राहिले, प्याल्याचा हात पुढं धरून, किती वेळ कोण जाणे. लोकांनी नामाचा गजर धरला, तोही विरत गेला. कुणाला कळेना, काय करावं. मग ऊन माथ्यावर पोचलं. अप्पांनी ते पाहिलं. ते वळले, उजव्या खांबापाशी गेले, आणि ऊन निघून गेलं त्याच क्षणी खांबावर तळहात मारला.

गुरवानं दचकून गुलाल उधळला. घंटा वाजली. मी फोटो काढला होता. बॅगेचं झाकण माझ्या कोपराशी उघडं होतं, लेन्स योग्य ती होती, माझी जागा बरोबर होती.

विठूतात्या मान फिरवून विचारत होते, “काय झालं? पाठीला लागली थाप. खांब झाला का? बुवा बोलले का?”

“झाला, तात्या,” मी म्हटलं.

“मला कसं ऐकू आलं नाही,” ते म्हणाले. “कानही गेले वाटतं आता.”

त्यांना कुणी काही सांगितलं नाही. लोक आरती घेऊन, अप्पांच्या पाया पडून निघून गेले. तक्रार कुणीच केली नाही. नंतर लाउडस्पीकरवाल्यानं रेकॉर्डिंग आणून दिलं, ते आईनं कपाटात ठेवलं. त्यात नमन आहे, फाटलेला राजा आहे, आणि शेवटी लाकडावर हात आपटल्याचा आवाज. अप्पांच्या तळहाताचा आणि खांबाचा तो फोटो मात्र पुढं पुष्कळ ठिकाणी छापून आला. माझं नाव त्या फोटोनं झालं. लोक विचारतात, तो क्षण नेमका कसा साधला. मी सांगते, तयारी केली होती.

सोमवारी सकाळी सहाच्या एस.टी.नं मिरजेला निघायचं होतं. रविवारी दिवेलागणीला आई आत सामान बांधत होती. अप्पा ओसरीवर बसले होते, कपाळावर गुलाल तसाच. मी नवी बॅग खांद्यावरून काढून त्यांच्या शेजारी ठेवली आणि पायरीवर बसले.

“अप्पा,” मी म्हटलं, “काल चाचा म्हणाले ना, चष्मा नाही. तेव्हा पाटी मला वाचता आली असती.”

ते अंगणात बघत होते.

“मी वाचली होती. आरशात दिसत होती, उलटी, पण कळत होती. मी मुद्दाम गप्प राहिले.” मी बॅगेचा पट्टा हातात घेतला. “बॅग मला पहिलीच आवडली होती. बाकीच्या मला नकोच होत्या. चामड्याची नको होती, चिकटपट्टीची नको होती. लेन्स कधी बदलायची तेही मला ठाऊक होतं, लहानपणापासून मागं उभी राहते आहे मी. नऊ दिवस घरात तुमचा आवाज नव्हता आणि सोमवारपासून कधीच असणार नव्हता. कीर्तनात तो सगळ्यांचा असतो. मला वाटलं, थोडा वेळ नुसता मला मिळावा. तुम्ही बोलत होतात आणि मी काढा ओतत होते.”

आत ट्रंकेची कडी वाजली. अप्पांनी पाटी मांडीवर घेतली. पेन्सिल किरकिरली. त्यांनी पाटी माझ्याकडे वळवली.

“पट्टा तिसऱ्या भोकात अडकवलास, तेव्हाच कळलं होतं. घ्यायची नसेल ती बॅग कुणी अंगाबरोबर बसवत नाही.”

मी ते दोनदा वाचलं. मनातल्या मनात, मोठ्यानं नाही.

“मग तुम्ही बोलत का राहिलात?” मी विचारलं. “थांबायचं होतं. मला रागवायचं होतं. एवढी माणसं आज...”

त्यांनी हात वर केला. अंगठा जिभेला लावून पाटी पुसली, नीट, कोपऱ्यापर्यंत. मग लिहिलं, आणि या वेळी पाटी वळवली नाही, तशीच मांडीवर राहू दिली. मला वाकून वाचावी लागली.

“वाटलं, दोन्हीकडे पुरेल.”